हाऊसिंग बंद करायच्या आधीचा अर्धा तास

काल रात्री साडेअकराला आई उठून आली, तिला वाटलं बाथरूममध्ये नळ चालू राहिलाय. बघते तर मी स्टुलावर बसलेली, समोर भरलेली बादली, बादलीत कॅमेऱ्याचं रिकामं हाऊसिंग (म्हणजे पाण्याखाली कॅमेरा ठेवायची बंद पेटी) आणि ते वर तरंगू नये म्हणून त्याच्यावर नॅपकिनमध्ये गुंडाळलेला तिचा वरवंटा. "सकाळी जागेवर ठेव" एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली, कारण मालवणला जायच्या आधी हे होतंच हे आता तिला पाठ झालंय.

पुढच्या शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या आहे, दादरहून चढायचं आणि सकाळी कुडाळला उतरायचं. पावसाळाभर डायव्हिंग बंद असतं त्यामुळे सीझन उघडला की माझा जीव नुसता तिकडे ओढ घेतो. ह्या वेळी ऑफिसातल्या दोघीजणी पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन पाण्यात उतरणार आहेत आणि रोज लंचला प्रश्न एकच, कॅमेरा कुठला घेऊ गं. त्याचं उत्तर मी देते, खाली पण दिलंय, पण मला खरं बोलायचं असतं ते आदल्या रात्रीच्या अर्ध्या तासाबद्दल, जेव्हा आपण कॅमेरा हाऊसिंगमध्ये ठेवून दार बंद करतो. पाण्याखालचा फोटो तिथेच निम्मा झालेला असतो किंवा तिथेच गेलेला असतो. माझा एक अख्खा कॅमेरा तिथे गेलाय म्हणून इतक्या खात्रीने सांगतेय.

झालं असं की दिवाळीच्या बोनसमधून मी एक सेकंडहँड कॉम्पॅक्ट आणि त्याचं हाऊसिंग घेतलं होतं. तारकर्लीला एका घरात आम्ही पाच जणी एका खोलीत, संध्याकाळी सगळ्या बाहेरून आलेल्या, गप्पा चालू, सोलकढीवरून काहीतरी वाद चालू, आणि मी पलंगावर मांडी घालून बोलता बोलता हाऊसिंग टॉवेलने पुसलं, कॅमेरा आत ठेवला, खटका लावला, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ बोटीवरून मागे पडून पाण्यात गेले, दोरीला धरून खाली निघाले आणि तीन-चार मीटरवर बघते तर हाऊसिंगच्या काचेला आतून एक थेंब. मला वाटलं वाफ असेल. मग कॅमेरा थोडा तिरका केला तर तळाशी पाण्याची एक रेघ इकडून तिकडे सरकली. ती रेघ मला अजून दिसते. मी वर जायची खूण केली, वर आलो तोवर स्क्रीन गेली होती, खारं पाणी आणि चालू बॅटरी एकत्र आली की काही मिनिटंसुद्धा लागत नाहीत. बोटीवर डायव्हमास्टर दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तू बरी आसस मां? मगे झाला तर." तेव्हा मला त्याचा रागच आला होता, आता वाटतं किती बरोबर बोलला.

खोलीवर येऊन दार उघडून बघितलं तर काळ्या ओ-रिंगवर गुलाबी रंगाचा एक धागा. नखाच्या निम्माही नसेल. टॉवेल गुलाबी होता.

एवढ्याशा धाग्याने काय होतं असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. ओ-रिंग म्हणजे शेवटी खाचेत बसलेली रबराची गोल दोरी, दार बंद झालं की ती दाबली जाते आणि दोन्ही बाजूंना घट्ट चिकटते, सगळा भरवसा त्या चिकटण्यावर. मध्ये केस, धागा, वाळूचा एक कण आला की तेवढ्या जागी रबर उचललं जातं आणि पाण्याला बोगदा मिळतो. आणि पाण्याचा दाब काय असतो त्याचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्यांची जी १८ मीटरची मर्यादा आहे तिथे दर चौरस सेंटिमीटरवर बाहेरून सुमारे १.८ किलोचा जास्तीचा भार. हाऊसिंगचं मागचं दार १० बाय ८ सेंटिमीटर धरलं तर ८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १४४ किलो. जवळजवळ दीड क्विंटल त्या एका दारावर!

पण गंमत म्हणजे हाच दाब दाराला आणखी घट्ट बंदही करतो. म्हणून बऱ्याचदा हाऊसिंग खोलवर नाही, वरच्या दोन-चार मीटरातच गळतं, जिथे दाब अजून नीट आलेला नसतो, किंवा बोटीवरच्या पाण्याच्या टबात, किंवा लाटांमध्ये. माझंही तसंच झालं. त्यामुळे बादलीत टेस्ट करून काय कळणार, समुद्र वेगळा, असं जे म्हणतात ना, ते मला पटत नाही. मोठी चूक असेल तर बादलीतच कळते. आत एक कोरडा टिश्यू पेपर घडी करून ठेवायचा, कॅमेरा नाही ठेवायचा, अर्धा तास बुडवून ठेवायचं, मधून मधून सगळी बटणं दाबायची कारण प्रत्येक बटणाच्या दांडीला पण आतून एक बारीक ओ-रिंग असते, आणि मग बाहेर काढून बाहेरून पूर्ण कोरडं करून टिश्यू बघायचा.

आता माझी आदल्या रात्रीची पद्धत. पहिलं म्हणजे गप्पा बंद. मी मैत्रिणींना सरळ सांगते की अर्धा तास माझ्याशी कुणी बोलायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत, आणि त्यांना आता सवय झालीये, त्या बाहेर पडवीत जाऊन बसतात. अंघोळ करून, केस ओले असतानाच घट्ट बांधून वर रुमाल. टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, सुकू द्यायचं. पंखा बंद, कारण पंखा जितकी धूळ आणि केस उडवतो ते आपल्याला दिसत नाही. एसी असेल तर एसी चालू, आणि हे नुसतं घाम येऊ नये म्हणून नाही. एसीच्या खोलीतली हवा कोरडी असते, तीच हाऊसिंगमध्ये बंद होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत दार बंद केलं की तो दमटपणा आत अडकतो, बाहेरून गार पाणी लागलं आणि आतून कॅमेरा तापला की काचेवर धुकं धरतं, आणि ते पाण्याखाली पुसता येत नाही, अख्खी डाइव्ह हातात धुरकट काच. त्याच्यावर उपाय म्हणून सिलिका जेलची छोटी पुडी आत ठेवतातच, पण पुडीचा कोपरा दारात अडकणार नाही हे बघा, त्यानेही गळतं.

ओ-रिंग काढताना टाचणी, सेफ्टी पिन, सुरीचं टोक काहीही वापरायचं नाही, एक ओरखडा पडला की ती गेली. दोन बोटांनी खाचेतच थोडी सरकवली की तिचा एक फुगवटा वर येतो, तो धरून उचलायची, नाहीतर जुन्या प्लास्टिक कार्डाची कड वापरायची. मग डोळे मिटून ती बोटांमधून फिरवायची. खरंच डोळे मिटून! डोळ्यांना जो कण दिसत नाही तो बोटाला लागतो. खाच पुसायला चष्म्याचा मऊ कपडा, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या नकोत कारण त्याचे तंतू सुटतात, टॉवेलबद्दल तर आता काय सांगायचं. मग सिलिकॉन ग्रीस, अर्ध्या मुगाएवढं. रबर नुसतं चमकायला हवं, चिकट लागता कामा नये. पाणी अडवायचं काम ग्रीस करत नाही, ते रबर करतं, ग्रीस फक्त ते रबर नीट सरकून बसावं म्हणून. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. आणि व्हॅसलिन नको, ते पेट्रोलियमचं, रबर खराब होतं. ग्रीस सुद्धा हाऊसिंगच्या कंपनीने सांगितलंय तेच, कारण रबर-रबरात फरक असतो.

त्यावरून आठवलं, मी एकदा नागदेवी स्ट्रीटला जाऊन माझ्या ओ-रिंगचं माप दाखवून तशीच मिळते का बघितलं होतं. त्या गल्लीत बेअरिंग, सील, पॅकिंग, सगळी दुनिया मिळते. दुकानदार काकांनी मापाची काढून दिली पण वर स्वतःच म्हणाले की ताई, माप जुळलं म्हणून रबर जुळत नाही, कडकपणा वेगळा असतो, जिवाचं काम असेल तर कंपनीचीच घ्या. त्यांचा धंदा बुडाला पण सल्ला खरा होता. तेव्हापासून मेन ओ-रिंग ओरिजिनलच, आणि एक स्पेअर कायम बॅगेत.

दार लावायच्या आधी बॅटरी फुल, कार्ड आत आहे आणि रिकामं आहे, लेन्स पुसलेली. हे मी बोलून बोलून करते आणि शेवटी स्वतःच्या चपलांचा एक फोटो काढून बघते, फोटो आला म्हणजे कार्ड आहे. दार लावलं की पारदर्शक मागच्या बाजूने टॉर्च मारून बघायचं, ओ-रिंगची काळी रेघ सगळीकडून सलग दिसायला हवी, कुठे पांढरं किंवा तुटक दिसलं तर परत उघडायचं. मग सकाळपर्यंत हात नाही लावायचा. बोटीवर "अगं बॅटरी बदलू का" म्हणून ओल्या हातांनी हाऊसिंग उघडणाऱ्या लोकांना बघून माझ्या पोटात गोळा येतो.

एका मैत्रिणीकडे मिररलेस (लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्याचं मोठं ॲल्युमिनियमचं हाऊसिंग आहे, त्याला व्हॅक्युमची सोय आहे. दार लावून छोट्या पंपाने आतली हवा थोडी ओढून घ्यायची आणि वीस-तीस मिनिटं ठेवून द्यायचं, दाब तसाच राहिला तर दिवा हिरवा, हवा आत शिरली म्हणजे पाणीही शिरणार. पाण्यात न उतरताच कळतं. कॅमेऱ्यापेक्षा महागडं हाऊसिंग असेल तर ह्यावर पैसे वाचवू नका.

कॅमेरा कुठला, तर मी त्या प्रसंगानंतर ऑलिंपसचा टीजी-६ घेतला, बोरा बाझारमधून. कारण एकच, तो कॅमेरा हाऊसिंगशिवायही १५ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे, आणि त्याचं हाऊसिंग ४५ मीटरपर्यंतचं. म्हणजे मालवणसारख्या उथळ ठिकाणी हाऊसिंगमध्ये पाणी गेलं तरी कॅमेरा वाचायची चांगली शक्यता, फक्त त्याची स्वतःची दारं लॉक केलेली पाहिजेत. आता टीजी-७ आहे, तो २०२३ मध्ये आला. दुसरं म्हणजे त्याचा मायक्रोस्कोप मोड, लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू फोकस होते. आपल्या कोकणाच्या पाण्यात व्हिजिबिलिटी कधी आठ मीटर तर कधी दोन, अशा पाण्यात मोठी दृश्यं टिपायचा हट्ट करून मन खट्टू होतं, पण दगडावरचा नखाएवढा न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) दोन मीटर व्हिजिबिलिटीतही सुंदर येतो. मी सगळ्यांना सांगते, मालवणला जाताय तर बारीक गोष्टी बघा.

हे का, तर पाणी रंग खातं. लाल सगळ्यात आधी, चार-पाच मीटरवरच तो मलूल पडतो, मग नारिंगी, मग पिवळा, उरतो तो हिरवट निळा. सिटीलाइटच्या मासळी बाजारात तांबोशी बघा, कसली लालबुंद असते. तीच तांबोशी मला बारा मीटरवर दगडाच्या कपारीत दिसली तेव्हा मातकट करडी, मी ओळखलीच नाही. टॉर्च मारला आणि एकदम तो लाल रंग पेटला. आणि हे फक्त खोलीचं नाही, उजेड वरून माशापर्यंत येतो आणि माशापासून लेन्सपर्यंत जातो, दोन्ही मिळून जेवढं पाणी कापावं लागेल तेवढा रंग जातो. म्हणून झूम करायचा नाही, जवळ जायचं. हातभर अंतराच्या आत. सेटिंग घरीच करून ठेवा, पाण्यात मेन्यू शोधत बसायला वेळ नसतो: रॉ (मूळ फाइल, जिचे रंग नंतर सुधारता येतात) चालू, आयएसओला (उजेडाची संवेदनशीलता) ४०० च्या आसपास कमाल मर्यादा, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) अंडरवॉटरवर. टीजी-६ मध्ये त्याचे उथळ, मध्यम, खोल असे तीन पर्याय आहेत.

हा गेलेला रंग परत आणतो तो स्ट्रोब, म्हणजे बाहेरचा फ्लॅश. तो लावायला हाऊसिंगखाली एक ट्रे, ट्रेला हँडल, हँडलवर क्लॅम्प, क्लॅम्पला आर्म आणि आर्मच्या टोकाला स्ट्रोब, हे सगळं एकमेकांत स्क्रूने बसतं आणि पहिल्यांदा जोडताना तासभर जातो, म्हणून तेही घरीच करून बघा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड फायबर ऑप्टिक केबलमधून स्ट्रोबपर्यंत जातो आणि तो पेटतो, कुठे वायर नाही, म्हणून गळायला आणखी एक भोक नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश मात्र चालू ठेवायला विसरू नका. स्ट्रोबच्या बॅटरीच्या झाकणालाही ओ-रिंग आहे, तिचंही सगळं तेच, ती लोक हटकून विसरतात.

आणि त्याची जागा! पावसात आंबोली घाटात धुक्यात हाय बीम लावलाय कधी? समोर नुसती पांढरी भिंत. पाण्यात तेच, आपल्या समुद्रात गाळ भरपूर, स्ट्रोब लेन्सच्या जवळ सरळ पुढे तोंड करून ठेवला की लेन्स आणि मासा यांच्यामधला एकूण एक कण उजळतो आणि फोटोवर पीठ सांडल्यासारखं दिसतं. त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. स्ट्रोब बाजूला लांब न्यायचा आणि तोंड थोडं बाहेरच्या बाजूला वळवायचं, म्हणजे उजेडाच्या झोताची फक्त कड माशावर पडते आणि मधलं पाणी अंधारात राहतं. हे मला समजायला दोन सीझन लागले, आधी मी प्रत्येक फोटो गढूळ पाण्यावर ढकलायचे.

पाण्यात उतरताना कॅमेरा हातात घेऊन उडी मारू नका, आधी तुम्ही उतरा, मग बोटीवरचा माणूस खाली देईल. मी मनगटाला न बांधता गुंडाळी वायरच्या लॅनयार्डने (दोरीने) बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या, डी-रिंगला (कडीला) अडकवते, दोन्ही हात मोकळे राहतात. ट्रे, आर्म, स्ट्रोब मिळून खाली ओढतं, आर्मला फोमचे फ्लोट लावले की हलकं होतं.

पण हे सगळं तुमची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असं स्थिर राहणं, नीट जमल्यावर. ह्यावर मी कुणाचं ऐकत नाही. पहिल्याच ट्राय डाइव्हला कॅमेरा मागणारे असतात, आणि ज्याला पाण्यात स्थिर राहता येत नाही तो फोटोसाठी हात टेकतो तो प्रवाळावर. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडी प्रवाळ, सी फॅन (पंख्यासारखं प्रवाळ), समुद्रघोडे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत आहेत. एका फोटोसाठी तो प्रवाळ मोडायचा? मी पहिल्या वीसेक डाइव्ह कॅमेऱ्याशिवायच केल्या आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

वर आल्यावर मिठाचं पाणी हाऊसिंगवर सुकू द्यायचं नाही, ओल्या कापडात गुंडाळून ठेवायचं आणि खोलीवर गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर, बटणं दाबत दाबत, म्हणजे बटणांच्या मागचं मीठ निघतं. सगळ्यांच्या टबात नाही, तिथे दुसऱ्याचा ट्रे तुमच्या लेन्सवर आदळतो. पूर्ण सुकल्याशिवाय उघडायचं नाही, आणि उघडताना दार खालच्या बाजूला धरायचं, केसातलं पाणी आत पडू नये.

आणि अंदमानला विमानाने जाणार असाल तर दोन गोष्टी, हाऊसिंग बंद करून नेऊ नका, मेन ओ-रिंग काढून वेगळ्या पुडीत, नाहीतर हवेच्या दाबाने ते असं घट्ट बसतं की उघडत नाही. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हँडबॅगेत.

मुंबईत राहायचं म्हणजे ह्या सामानाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. कपाटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते. माझ्याकडे ड्राय कॅबिनेट नाही, मी आईकडून तांदळाचा मोठा हवाबंद डबा मागून घेतलाय, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात गरम करून परत. स्ट्रोबच्या बॅटऱ्या बाहेर काढलेल्या, आणि हाऊसिंगची ओ-रिंग काढून वेगळी ठेवलेली, दाबलेली ठेवली की ती चपटी होते.

तर काल रात्री. पावणेबाराला वरवंटा उचलला, हाऊसिंग बाहेर काढलं, चष्म्याच्या कपड्याने पुसलं, दहा मिनिटं तसंच ठेवलं आणि मग खटका उघडला. टिश्यूची घडी उलगडून दिव्यासमोर धरली. एका कोपऱ्यात मुगाएवढा ओला डाग होता. मेन दारापाशी नाही, शटरच्या बटणाच्या खाली. ती दांडीची बारीक ओ-रिंग घरी बदलायची नसते, सर्व्हिसिंगलाच द्यावं लागतं, आणि शुक्रवारच्या आत ते होणार नाही. सकाळी वरवंटा जागेवर ठेवला आणि दोघींना मेसेज केला की ह्या वेळी मी टीजी-६ नुसताच नेतेय, हाऊसिंगशिवाय, बारा मीटरच्या खाली जाणार नाही, आणि स्ट्रोब त्यांच्यापैकी जिला हवा तिने घ्यावा, बसवून मी देते.